अमेरिकेत धार्मिक गटांची दुखावणारी निदर्शने: कायदा कुठे अडवतो आणि कुठे अडवत नाही

अमेरिकेत नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला मंदिराच्या फाटकाबाहेर, मंडळाच्या गणेशोत्सवाच्या वाटेवर किंवा एखाद्या अंत्यविधीच्या ठिकाणी फलक घेऊन उभी असलेली माणसे दिसली आणि त्या फलकांवर आपल्या देवांविषयी किंवा गेलेल्या माणसाविषयी अत्यंत अपमानकारक मजकूर असला, तर पहिला विचार मनात येतो तो पोलिसांत तक्रार करण्याचा. भारतात वाढलेल्या माणसाला असे वाटणे स्वाभाविक आहे. १९२७ साली दंड संहितेत घातलेल्या कलम २९५अ ने धार्मिक भावना बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने दुखावणे हा गुन्हा ठरवला, सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात ते कलम वैध मानले, आणि १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये आहे. अमेरिकेत या कलमाला समांतर असे काहीही नाही. भावना दुखावल्या एवढ्या कारणावरून तेथे कोणाला अटक होत नाही, आणि झालीच तर ती बहुधा न्यायालयात टिकत नाही.

याचा अर्थ निदर्शकांना सारे मोकळे आहे असा मात्र नाही. तेथील कायदा निदर्शक काय बोलले यापेक्षा ते कुठे उभे होते, केव्हा उभे होते, किती मोठ्याने बोलले आणि त्यांनी कोणाची वाट अडवली, हे पाहतो. नवख्या माणसाने आपली तक्रार याच प्रश्नांच्या भाषेत मांडायला शिकले पाहिजे. ज्या तक्रारीत फक्त ‘ते आमच्या देवाला शिव्या देत आहेत’ एवढेच असते तिचे पोलीस काही करू शकत नाहीत. पुढील पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: जागा कोणाची आहे ते आधी ठरवा

बोलण्याच्या स्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती, जी १७९१ पासून अमलात आहे, ती सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही. म्हणून मंदिराच्या आवारात, त्याच्या पार्किंगमध्ये किंवा मंडळाने भाड्याने घेतलेल्या खासगी सभागृहात कोणाला थांबू द्यायचे हे मालकाच्या किंवा ताबा असलेल्या संस्थेच्या हातात असते. तेथे घुसलेल्या निदर्शकाला संस्थेच्या जबाबदार माणसाने स्पष्ट शब्दांत ‘ही खासगी जागा आहे, कृपया बाहेर जा’ असे सांगावे. त्यानंतरही तो थांबला तर तो अतिक्रमणाचा गुन्हा होतो, आणि या एका मुद्द्यावर पोलीस सहसा घोळ घालत नाहीत.

फाटकाबाहेरचा पदपथ ही वेगळी गोष्ट आहे. अनेक गावांत हिवाळ्यात पदपथावरचा बर्फ उपसण्याची जबाबदारी लगतच्या जागामालकावर असते, त्यामुळे तो पदपथ आपलाच आहे असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. रस्ते, पदपथ आणि बागा या जागांवर बोलण्याच्या स्वातंत्र्याला सर्वांत जास्त संरक्षण मिळते. तेव्हा उत्सवाच्या आधीच काउंटीच्या भूमी अभिलेखातला नकाशा काढून हद्द नेमकी कुठे संपते हे पाहून ठेवावे, आणि स्वयंसेवकांना ती रेषा प्रत्यक्ष चालून दाखवावी. सार्वजनिक शाळेचे सभागृह भाड्याने घेतले असेल तर कार्यक्रमाच्या वेळेत आवारावर आणि पार्किंगवर कोणाचा ताबा राहील हे करारपत्रात लिहून घ्यावे. तोंडी बोलणे ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

पायरी २: मजकूर आणि कृती वेगळ्या करा

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निकाल म्हणजे ‘स्नायडर विरुद्ध फेल्प्स’, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कॅन्सस राज्यातील टोपेका येथे फ्रेड फेल्प्स यांनी १९५५ साली स्थापन केलेल्या वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च या छोट्या गटाचे म्हणणे असे, की अमेरिका समलैंगिकतेला थारा देते म्हणून देव तिला शिक्षा करतो आणि सैनिकांचे मृत्यू ही त्या शिक्षेचीच रूपे आहेत. गटात बहुतांशी फेल्प्स यांचे नातेवाईक, आणि त्यांच्यात वकील बरेच. मार्च २००६ मध्ये इराकमध्ये मरण पावलेल्या मॅथ्यू स्नायडर या तरुण सैनिकाचा अंत्यविधी मेरीलँडमधील वेस्टमिन्स्टर गावच्या कॅथलिक चर्चमध्ये होता. वेस्टबरोची सात माणसे तेथे आली. ‘मृत सैनिकांसाठी देवाचे आभार’ आणि ‘तुम्ही नरकात जाणार’ अशा अर्थाचे फलक त्यांनी धरले होते. ज्या बापाचा मुलगा गेला आहे त्याच्या वाट्याला त्या दिवशी हे यावे, यापेक्षा क्रूर काही क्वचितच असेल.

पण न्यायालयापुढे आलेले तपशील पाहावेत. ती माणसे चर्चपासून सुमारे १,००० फुटांवर, सार्वजनिक रस्त्यालगत १० फूट बाय २५ फुटांच्या जागेत, तात्पुरत्या कुंपणामागे उभी होती. येण्याची सूचना त्यांनी अधिकाऱ्यांना आधीच दिली होती आणि पोलिसांनी सांगितल्या जागी ती थांबली. अंत्यविधी सुरू होण्याआधी सुमारे अर्धा तास निदर्शने झाली. कोणी चर्चच्या आवारात गेले नाही, कोणी आरडाओरडा केला नाही. वडिलांना जाताना फलकांचे फक्त वरचे टोक दिसले. त्यांवर काय लिहिले होते ते त्यांना रात्री दूरचित्रवाणीच्या बातम्यांत कळले.

वडिलांनी मानसिक यातना दिल्याबद्दल दावा लावला. ज्यूरीने त्यांना २९ लाख डॉलर भरपाई आणि वर ८० लाख डॉलर दंडात्मक भरपाई दिली. जिल्हा न्यायाधीशांनी दंडात्मक रक्कम २१ लाखांवर आणली. अपील न्यायालयाने निकालच फिरवला आणि वडिलांनाच विरुद्ध पक्षाच्या अपिलाच्या खर्चापोटी १६ हजार डॉलरहून अधिक भरण्यास सांगितले. शेवटी २ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी वेस्टबरोच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निकालपत्राचा आधार असा होता, की फलकांचा मुख्य विषय देशाचे नैतिक आचरण, सैन्य, धर्मसंस्था हा सार्वजनिक हिताचा होता, जागा सार्वजनिक होती आणि वर्तन कायद्याला धरून होते. अशा वेळी ज्यूरीला मजकूर किळसवाणा वाटला म्हणून भरपाई लादता येत नाही. न्यायमूर्ती अलिटो यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले: खुल्या चर्चेसाठी एका शोकाकुल खासगी माणसावर असा शाब्दिक हल्ला होऊ देण्याची गरज नाही. मला त्या वडिलांचे दुःख समजते, पण नियम बहुमताचाच आहे आणि आपल्याला त्याच्याच चौकटीत वागायचे आहे.

त्याच निकालात वाचकाच्या उपयोगाची एक खूण आहे. न्यायालयाने नोंदवले, की मेरीलँडसह ४४ राज्यांत आणि केंद्रात अंत्यविधीजवळच्या निदर्शनांवर बंधने घालणारे कायदे आता आहेत, आणि ते मजकुराबाबत तटस्थ असतील तर त्यांचा विचार निराळा होईल. त्यांविषयी चौथ्या पायरीत पाहू.

पायरी ३: संरक्षण नसलेले बोलणे ओळखा

काही बोलण्याला पहिली दुरुस्ती वाचवत नाही, पण ही यादी नवख्यांना वाटते त्यापेक्षा फार अरुंद आहे.

धमकी त्यात येते. ‘तुमचा धर्म खोटा आहे’ ही धमकी नव्हे. ‘पुढच्या रविवारी आलात तर परत जाणार नाही’ असे एखाद्या कुटुंबाकडे बोट दाखवून म्हणणे धमकी ठरू शकते. २०२३ सालच्या ‘काउंटरमन’ निकालानुसार, आपले बोलणे धमकी म्हणून घेतले जाऊ शकते याची जाणीव असूनही बोलणाऱ्याने बेपर्वाई केली, हे सरकारी पक्षाला दाखवावे लागते. हिंसेला दिलेली चिथावणीही त्यात येते, पण १९६९ च्या ‘ब्रँडेनबर्ग’ निकालाप्रमाणे ती तत्काळ बेकायदा कृत्य घडवण्याच्या उद्देशाने केलेली आणि तसे घडवण्याची शक्यता असलेली हवी. तोंडावर दिलेली, समोरच्याला हात उचलायला लावणारी शिवी हा तिसरा प्रकार. १९४२ साली यहोवा विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या एका प्रचारकाने अधिकाऱ्याला तोंडावर ‘फॅसिस्ट’ आणि ‘गुंड’ म्हटले, तेव्हा त्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली होती. नंतरच्या निकालांनी मात्र हा अपवाद इतका आवळला, की केवळ त्यावर विसंबून राहू नये.

दोनच वर्षे आधी, १९४० च्या ‘कँटवेल’ खटल्यात, त्याच पंथाच्या माणसाने कॅथलिक वस्तीत रस्त्यावर कॅथलिक धर्मसंस्थेवर जहरी टीका करणारी तबकडी लोकांना ऐकवली होती आणि न्यायालयाने त्याची सुटका केली, कारण त्याने कोणाला धमकावले नव्हते आणि विरोध होताच तो तेथून निघून गेला होता. हे दोन खटले शेजारी ठेवून वाचले तर रेषा कुठे आहे ते पुष्कळ स्पष्ट होते.

मालमत्तेची नासधूस हे बोलणेच नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मेलव्हिल येथील स्वामीनारायण मंदिराबाहेर झाले तसे रंग फासण्याचे प्रकार राज्याच्या फौजदारी कायद्यात येतात, द्वेषमूलक गुन्ह्यांच्या आणि धार्मिक मालमत्तेविषयीच्या केंद्रीय कायद्यातही येऊ शकतात. तेथे रंग धुण्याआधी छायाचित्रे काढावीत आणि पोलीस पाहणी करून जाईपर्यंत हात लावू नये.

पायरी ४: अंतर, वेळ आणि आवाज मोजा

न्यायालये ज्या बंधनांना मान्यता देतात ती बहुतेक इथे सापडतात. कसोटी अशी: बंधन मजकुराकडे न पाहता सर्वांना सारखे लागू हवे, ते गरजेपुरते बेताचे हवे, आणि म्हणणे मांडायला दुसरी पुरेशी वाट उरायला हवी.

अंत्यविधी. ओहायोचा कायदा घर, दफनभूमी, फ्युनरल होम, चर्च यांपासून ३०० फुटांच्या आत, विधीच्या वेळी आणि त्याच्या आधी-नंतर एक तास निदर्शनांना मनाई करतो, आणि सहाव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या एका गटासाठी असलेल्या, केंद्रीय अपील न्यायालयाने २००८ साली तो वैध ठरवला. अंत्ययात्रेबरोबर सरकत जाणारी मनाई मात्र त्याच खटल्यात खालच्या न्यायालयाने रद्द केली होती, कारण निदर्शकाला आपण केव्हा हद्दीत आलो हेच कळू शकत नाही. आठव्या सर्किटने २०१२ साली मिसुरीतील मँचेस्टर शहराची ३०० फुटांची आणि २०१७ साली नेब्रास्का राज्याची ५०० फुटांची मर्यादा मान्य केली. सैनिकांच्या अंत्यविधीसाठी २०१२ चा केंद्रीय कायदा दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत लागू आहे. हे वाचून आपल्या राज्याची मर्यादा गृहीत धरू नये. आपले अंत्यविधी फ्युनरल होममध्ये आणि दहनगृहात होतात, तेव्हा राज्याच्या व्याख्येत या दोन्ही जागा येतात का हे पाहावे.

प्रार्थनास्थळ. इथे नवख्यांची सर्वांत मोठी निराशा होते, कारण अंत्यविधीसारखी सर्वत्र लागू होणारी अंतराची मर्यादा नाही. मिशिगनमधील ॲन आर्बर येथील सिनेगॉगबाहेर २००३ पासून दर शनिवारी सकाळी, उपासनेच्या वेळी, ज्यूंना दुखावणारे फलक घेऊन लोक उभे राहत आले. उपासकांनी दावा केला आणि २०२१ साली सहाव्या सर्किटने तो फेटाळला, कारण निदर्शक सार्वजनिक जागी होते, त्यांनी कोणाला अडवले नव्हते आणि उपासनेत ध्वनीने व्यत्ययही आणला नव्हता.

पण हीच माणसे दार अडवून उभी राहिली असती तर? १९९४ चा ‘फेस’ नावाचा केंद्रीय कायदा गर्भपात केंद्रांसाठी म्हणून ओळखला जातो, पण त्यात प्रार्थनास्थळेही आहेत: बळाने, बळाच्या धमकीने किंवा वाट अडवून कोणाला उपासना करू न देणे हा त्याखाली गुन्हा आहे, आणि उपासकाला किंवा मंदिर चालवणाऱ्या संस्थेला स्वतःही दावा लावता येतो. मंदिरांच्या विश्वस्तांना याची माहिती असायला हवी. याशिवाय राज्यांचे कायदे आहेत. न्यूयॉर्कमध्ये धार्मिक विधीच्या किंवा अंत्यविधीच्या ३०० फुटांच्या आत अवाजवी गोंगाट करून त्रास देणे गुन्हा आहे; कॅलिफोर्नियाच्या दंड संहितेचे कलम ३०२ धार्मिक सभेत मुद्दाम व्यत्यय आणण्याविषयी आहे. कर्ण्यावरून आरतीच्या वेळी ओरडणाऱ्याविरुद्ध यांचा आणि स्थानिक ध्वनिनियमांचा उपयोग होतो. मूक फलकाविरुद्ध होत नाही.

सभागृहाच्या आत शिरून व्यत्यय आणणे तर आणखी सोपे प्रकरण आहे. १२ जुलै २००७ रोजी नेवाडाचे राजन झेद यांनी अमेरिकी सिनेटमध्ये पहिली हिंदू प्रार्थना म्हटली, तेव्हा प्रेक्षकसज्जातून तीन ख्रिस्ती निदर्शकांनी ओरडून ती थांबवण्याचा प्रयत्न केला आणि तिघांनाही अटक झाली. तेच शब्द त्यांनी बाहेरच्या पदपथावर उच्चारले असते तर पोलिसांनी हातही लावला नसता.

राहते घर. १९८८ च्या ‘फ्रिस्बी विरुद्ध शुल्ट्झ’ खटल्यात विस्कॉन्सिनमधील ब्रुकफील्ड गावाने एकाच घराला लक्ष्य करून त्याच्यासमोर ठाण मांडण्यावर घातलेली बंदी वैध ठरली. वस्तीतून फिरत जाणारा मोर्चा मात्र चालतो. पुजारी किंवा मंडळाच्या पदाधिकाऱ्याच्या घरासमोर कोणी उभे राहू लागले, तर गावात असा नियम आहे का ते नगरपालिकेत विचारावे.

शहराने नवा नियम करावा अशी मागणी करणाऱ्यांनी २०१४ चा ‘मॅककलेन’ निकाल लक्षात घ्यावा. मॅसॅच्युसेट्सने गर्भपात केंद्रांभोवती आखलेला ३५ फुटांचा पट्टा न्यायालयाने एकमताने रद्द केला, कारण वाट अडवणाऱ्यांवर कारवाईसारखे सौम्य उपाय राज्याने गांभीर्याने वापरलेच नव्हते.

पायरी ५: प्रत्यक्ष प्रसंगी कसे वागावे

सर्वांत आधी आपली माणसे आवरावीत. २०१२ साली मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे अरब-अमेरिकी लोकांच्या उत्सवात ‘बायबल बिलीव्हर्स’ नावाचा गट इस्लामची निंदा करणारे फलक आणि काठीवर डुकराचे मुंडके घेऊन फिरला. चिडलेल्या मुलांनी बाटल्या आणि दगड फेकले. पोलिसांनी दगड फेकणाऱ्यांऐवजी त्या गटालाच निघून जायला सांगितले, आणि २०१५ साली सहाव्या सर्किटच्या पूर्ण पीठाने ठरवले की पोलिसांनी त्या गटाच्या हक्कांचा भंग केला. गर्दी खवळली हे बोलणाऱ्याला हटवण्याचे कारण होऊ शकत नाही. धडा कठोर आहे: आपल्यातल्या एका मुलाने फलक हिसकावला, तर गुन्हेगार तो मुलगा ठरतो.

पोलिसांना फोन करताना घटना सांगावी, मत सांगू नये. ‘सहा माणसे मुख्य दारासमोर उभी आहेत, व्हीलचेअरवरच्या आजींना आत येता येत नाही, दहा वाजून वीस मिनिटांपासून कर्णा चालू आहे’ असे सांगितले की अधिकाऱ्याला काय करायचे ते कळते. एका स्वयंसेवकाने अंतरावरून चित्रीकरण करावे. सार्वजनिक जागेवरून दिसणाऱ्या गोष्टींचे चित्रीकरण साधारणपणे करता येते. चित्रीकरणात जमिनीवरची एखादी कायमची खूण, म्हणजे दिव्याचा खांब किंवा पाण्याचा नळखांब, यावा, म्हणजे नंतर अंतर टेपने मोजता येते. आवाज दाराच्या आत किती येतो तेही आतून टिपावे. निदर्शकांशी वाद घालू नये आणि मुलांना त्यांच्यासमोर नेऊ नये.

पायरी ६: आपली मिरवणूक, आपले उत्तर

मोठ्या मिरवणुकीसाठी परवाना मागणे शहराला शक्य आहे. १९४१ च्या ‘कॉक्स विरुद्ध न्यू हॅम्पशायर’ खटल्यापासून हे मान्य आहे. पण विरोधक येतील म्हणून बंदोबस्ताचे जादा शुल्क लावता येत नाही, असे १९९२ च्या फोर्सिथ काउंटीच्या खटल्यात ठरले. गणेश विसर्जनाच्या परवान्यासाठी अशी मागणी झाली तर हा निकाल दाखवावा.

हाच कायदा आपल्यालाही वाचवतो, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यू जर्सीतील एडिसन येथील भारत दिन संचलनात बुलडोझर आणला गेला, तेव्हा तेथील मुसलमान कुटुंबांना तो उघड अपमान वाटला, आणि आयोजकांनी पुढे माफी मागितली. कायद्याने चालते म्हणून ते करावेच असे नाही.

वेस्टबरोला लोकांनी दिलेली उत्तरे अनुकरणीय आहेत. १९९९ साली वायोमिंगमधील लॅरमी येथे, खून झालेल्या मॅथ्यू शेपर्ड या समलैंगिक तरुणाच्या मित्रमैत्रिणी पांढऱ्या कापडाचे उंच पंख लावून वेस्टबरोच्या फलकांसमोर शांतपणे उभ्या राहिल्या आणि फलक झाकले गेले. २००५ पासून पेट्रियट गार्ड रायडर्स हे मोटारसायकलस्वार कुटुंबाच्या विनंतीवरून सैनिकांच्या अंत्यविधीला झेंडे घेऊन भिंतीसारखे उभे राहतात. आपल्या मंडळाचे ढोलपथकही आपल्याच आवारात, ध्वनिमर्यादेत राहून हे काम करू शकेल.

पायरी ७: न्यायालयात जाण्यापूर्वी

भावना दुखावल्याचा दिवाणी दावा वर पाहिल्याप्रमाणे बहुधा हरतो आणि खर्च अंगावर येतो. वाट अडवणे, अतिक्रमण, धमकी, गोंगाट यांपैकी काही पुराव्यानिशी हाती असेल तर मात्र वकील गाठावा, तोही त्या राज्यात सनद असलेला आणि घटनात्मक हक्कांची प्रकरणे चालवणारा. मनाई हुकूम मागायचा असेल तर तो कमीत कमी जागेपुरता आणि वेळेपुरता मागावा: १९९४ च्या ‘मॅडसन’ खटल्यात गर्भपात केंद्राच्या दाराभोवतीचा ३६ फुटांचा पट्टा टिकला, पण ३०० फुटांच्या आत कोणाजवळ जाण्यावरची बंदी टिकली नाही.

विद्यार्थी, एच-१बी किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. प्रतिनिदर्शनात झटापट होऊन अटक झाली, तर प्रकरण पुढे मिटले तरी व्हिसाच्या नूतनीकरणात आणि नागरिकत्वाच्या अर्जात त्या अटकेची माहिती द्यावी लागू शकते. म्हणून अशा प्रसंगी पोलिसांनी मागे सरायला सांगितले की लगेच सरावे, अटक झालीच तर फक्त नाव सांगून वकिलाची मागणी करावी, आणि गुन्हा कबूल करण्याच्या कोणत्याही तडजोडीवर सही करण्याआधी ती इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवावी.